छत नसलेली न्हाणी

माझ्या माहेरच्या न्हाणीला छत नव्हतं. आमच्या गावात ते कोणाच्याच न्हाणीला नसायचं. घरामागे, विहिरीकडे जायच्या वाटेवर तीन बाजूंनी छातीएवढ्या विटांच्या भिंती, त्यांच्यावर बांबूच्या ताट्या, चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा आणि वर आभाळ. बाहेरच्या माणसांना याचं नवल वाटतं. माझ्या सासरच्यांनी तर लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, तुमच्याकडे विटा संपल्या होत्या का, असं विचारलं होतं. पण त्या न्हाणीत ऊन यायचं, केस तिथेच वाळायचे आणि थंडीत पाठीला जरा शेक मिळायचा. बंद खोलीत अंघोळ करायची सवय मला अजूनही पुरती झालेली नाही.

वरून कोण पाहणार, हा प्रश्न गावाने आधीच सोडवून ठेवला होता. वरून पाहायचं तर माणसाला चढावं लागतं, आणि चढणाऱ्यासाठी रीत होती. पावसाळ्याआधी छपरावरची कौलं, म्हणजे आमच्याकडचे कवेलू, फेरायला चढणारा किंवा चिंच झोडपायला झाडावर चढणारा गडी आधी खालून हाळी द्यायचा, "चढून राह्यलो वो." मग मागच्या अंगणांतून बायांचा होकार येईपर्यंत तो शिडीपाशी थांबायचा. न्हाणीत कोणी असली तर ती आतूनच थांब म्हणायची, आणि तो बिडी ओढत थांबायचा. एकदा एक जण हाळी न देताच चढला, तर आमच्या काकूने त्याची शिडी काढून घेतली आणि त्याला दुपारभर उन्हात छपरावर बसवून ठेवलं. त्याची बायको येऊन हात जोडेपर्यंत काकूने शिडी दिली नाही. त्यानंतर कोणी विसरल्याचं मी ऐकलं नाही.

आमचं गाव चिमूरच्या बाजूला, धानाच्या पट्ट्यात. मी लग्न होऊन घुग्घुसला आले. नवरा खाणीत आहे, आम्ही कॉलनीच्या क्वार्टरमध्ये राहतो. गावात भाऊ, वहिनी, त्यांची एकुलती मुलगी, आणि बाई. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. लग्नाला दोन पावसाळे व्हायच्या आत तिचा नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. भाची जन्मली तेव्हा वहिनी बाळंतपणातून लवकर उठलीच नाही, म्हणून पोर बाईच्या हाती आली ती तिथेच राहिली. न्हाऊ-माखू घालणं, भरवणं, शाळेत पोचवणं, तापात उशाशी बसणं, सगळं बाईचं. बोलायला लागली तेव्हा पोर तिलाच आई म्हणायची. सगळ्यांनी मिळून तिला मोठी आत्या म्हणायला शिकवलं.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा भावाने फोटोवाल्याला ड्रोनसकट बोलावलं. आता ड्रोनशिवाय लग्न होत नाही. पूर्वी बँडवाल्यांवरून घराची पत ठरायची, आता वर काय उडतं त्यावरून ठरते. भावाने त्याला एकच सांगितलं होतं, काही सोडू नका, सगळं घ्या. पुढे फोटोवाल्याने हे वाक्य आमच्या तोंडावर टाकलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ड्रोन गावाला नवा नव्हता. आदल्या वर्षी शिवारात वाघ फिरत होता, तेव्हा वनरक्षक ड्रोन घेऊन आले होते. बाया घाबरून घरात शिरायला लागल्या, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने समजावलं की हा फक्त वाघ शोधतो, तुमच्याशी याला काही घेणंदेणं नाही. गावाने ते जसंच्या तसं घेतलं. पहिले काही दिवस पोरं त्याच्यामागे धावली, मग कोणी मान वर करणंही सोडलं. वर घुंईं आवाज आला की बाया म्हणायच्या, वाघवालं आलं, आणि हातातलं काम करत राहायच्या. उलट तो आवाज आला की जीवाला बरं वाटायचं, कारण कोणीतरी लक्ष ठेवून आहे असा त्याचा अर्थ होता.

हळदीच्या दिवशी मांडवात सुवासिनी जमल्या. बाई मागच्या चुलीवर वडे तळत होती. तिला कोणी तिथे बसवलं नव्हतं, ती आपणच बसली होती. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात ती आपणच कुठेतरी मागे जाऊन बसते, म्हणजे तिला बाजूला सारायचा ओशाळेपणा कोणावर येत नाही. समोर पोरीला हळद लागली, गाणी झाली, मीही दोन बोटं लावली. मग अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा पोर हटून बसली की अंघोळ मोठी आत्याच घालेल. वहिनीने पोरीच्या सासरकडून आलेल्या बायांकडे पाहिलं, त्या जेवायला बसल्या होत्या. पाणीच तर घालायचं आहे, असं म्हणून तिने हो म्हटलं.

मी पडदा धरून बाहेर उभी राहिले. पाहुण्यांची पोरं विहिरीकडे ये-जा करत होती, पडदा वाऱ्याने उडत होता. आतून पाणी ओतायचा आवाज आला, मग थांबला. पोरीने मुठीत हळद लपवून आणली होती. तू पहिल्यांदा लावायला पाहिजे होती, आता लाव, असं ती म्हणत होती. बाई नाही म्हणाली. पुन्हा नाही म्हणाली. पोरीने आवाज खाली आणला.

"इथी कोण पाहून राह्यलं, मोठी आत्या?"

त्याच वेळी वर घुंईं झालं. मी वर पाहिलं नाही. बाईनेही पाहिलं नसावं. ती आतून मला म्हणाली, वाघवालं आहे वाटते. पडदा उडायचा तेव्हा मला कडेने आतलं दिसत होतं. बाईने आधी पायाला लावली, मग गुडघ्याला, मग हातांना, मग गालांना, रीतीने लावतात तशी. नवरा गेल्यापासून तिने ती रीत लांबूनच पाहिलेली होती, तरी एक पायरी चुकली नाही. मग पोरीने उरलेली हळद बाईच्या दोन्ही गालांना फासली. आधी पोर हसली, मग बाई. बाईचं तसं हसू मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं, आणि मला पडदा सोडून आत जावंसं वाटलं. पण मी पडदा धरूनच राहिले, कारण पाहुण्यांची पोरं होती.

हळद लवकर जात नाही. बाईने गाल बेसनाने घासले, तरी कडेला पिवळं राहिलं. दिवसभर तिने पदर पुढे ओढून ठेवला. तो ती तसाही ओढायची, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी तिला चुलीपाशी हळूच म्हटलं, तर तिने माझ्या हातावर चापट मारली. लग्न नीट पार पडलं. पोर वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे सासरी गेली.

पुढे घुग्घुसला एका सकाळी शेजारीण फोन घेऊन आली. हे तुमच्याच घरचं लग्न ना, असं तिने कौतुकाने विचारलं. फोटोवाल्याने आपल्या स्टुडिओच्या जाहिरातीसाठी एक रील टाकली होती. वरून मांडवाची हिरवी चौकट दिसत होती आणि तिच्यात पिवळ्या साड्या. मग कॅमेरा कवेलूंवरून सावकाश मागे सरकत गेला, आणि घरामागे एक लहान चौकट आली. तिच्यात ओल्या परकरात माझी भाची आणि तिच्या गालावर बाईचा हात. मग पोरीचा हात बाईच्या गालावर. वरून गाणं लावलेलं होतं. पडद्याबाहेर मीही होते, बाहेर तोंड करून, दोन्ही बाजूंना पाहत. मी पहारा देत होते, हे वरून फार स्पष्ट दिसत होतं.

कुकरची शिट्टी झाली. मी जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन तेच पाहिलं. मला राग यायला पाहिजे होता. तो आता येईल, मग येईल, अशी मी वाट पाहिली, पण तो आला नाही. थंडीत धुणं धुताना बोटं बधिर होतात, तसं काहीसं आत झालं होतं. खाली अनोळखी लोकांनी लाल बदाम टाकले होते. कोणी लिहिलं होतं, किती गोड. कोणी लिहिलं होतं, नवरी भिजल्यावर छान दिसते. शेजारीण अजून हसतच होती, म्हणून मीही थोडी हसले.

भावाला फोन केला, तर त्याने ती रील स्टेटसला ठेवलेली. त्याला आपलं घर वरून पाहायला आवडलं होतं. मांडव, बैलांचा गोठा, विहीर, सगळं एका नजरेत. मागच्या चौकटीत काय आहे ते त्याने नीट पाहिलंच नव्हतं. मी सांगितल्यावर त्याने लगेच स्टेटस काढलं. पण तोवर व्याह्यांकडच्यांनी ते पाहिलं होतं.

मी आणि भाऊ फोटोवाल्याकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्याने चहा मागवला आणि रील लगेच काढून टाकली. त्याला खरंच कळत नव्हतं की काय बिघडलं. अंगभर कपडे होते, तोंडावर आनंद होता, आणि सगळ्यात जास्त लोकांना तोच तुकडा आवडला होता, असं तो सांगत राहिला. वर उडवायच्या आधी सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, सांगितलं की माणसं पोझ घेतात, खरं काही मिळत नाही. आणि काढून टाकून तरी काय, लोकांनी ती उतरवून घेतली होती, दुसरं गाणं लावून पुढे पाठवली होती. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की पोलिसांत तक्रार द्यावी. भाऊ म्हणाला, हात दाखवून अवलक्षण कशाला, पोरीचं नाव आणखी चार ठिकाणी जाईल. भाऊ चूक म्हणाला असं मला आजही म्हणता येत नाही. तरी तक्रारीला लागेल म्हणून मी तो तुकडा माझ्या फोनमध्ये ठेवला.

मग व्याह्यांकडून फोन आला. पोरीच्या सासूचा आवाज गोड होता. ती भांडली नाही, फक्त म्हणाली की आमच्याकडे हे चालत नाही. पोरीला त्यांनी उपास धरायला लावले, पूजा घातली. लग्नाआधी विधवेचा हात हळदीला लागला, आता पुढे जे काही वाकडं होईल त्याचं कारण ठरलेलंच, असं तिने सरळ म्हटलं नाही, पण आम्हाला ते ऐकू आलं.

मला आजवर पुरतं उमगलेलं नाही ते हे. त्यांच्या घरची सून अर्ध्या ओल्या कपड्यात उभी होती आणि ते कुठल्या कुठल्या माणसांनी पाहिलं होतं. दिरांनी पाहिलं असेल, गावच्या पानठेल्यावर पाहिलं असेल. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तो ड्रोन वर काय करत होता, तिथे त्याचं काय काम होतं, हे व्याह्यांनी विचारलं नाही, आमच्याही गावाने विचारलं नाही. सगळे बोलले ते हळदीबद्दल. ज्या गावाने एका माणसाला न सांगता चढला म्हणून दुपारभर उन्हात बसवलं, त्याच गावातल्या बाया मला म्हणाल्या, बाईनं असं करायले नको होतं. भावाने न्हाणीवर पत्रा टाकला. आता तिथे दिवसासुद्धा बल्ब लावावा लागतो.

वहिनी रडली, भाऊ बाईशी तुटक वागायला लागला. बाई मात्र उठून गोठा काढायची, स्वयंपाक करायची. तिला वाईट वाटत असेल असं म्हणायचीही सोय नव्हती, इतकी ती रोजच्यासारखी होती.

वर्ष सरता सरता पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही सगळीकडची रीत. सासूने पाठवायला हरकत घेतली नाही, फक्त एक अट घातली. पोर तिकडे असेल तोवर ती बाई घरात नको. भावाने मला फोन केला आणि बराच वेळ धानाच्या गोष्टी केल्या. मी त्याला अट विचारली तेव्हा त्याने सांगितली. पोरीने फोनवर आदळआपट केली, मी येतच नाही म्हणाली, पण तिकडेही तिला धडपणे ठेवत नव्हते, डॉक्टरने आराम सांगितला होता. बाईने कोणाला काही बोलायची वेळ येऊ दिली नाही. पोर येणार त्याच्या आदल्या दिवशी तिने पिशवी भरली आणि घुग्घुसची गाडी धरली. जायच्या आधी तिने पोरीसाठी डिंकाचे लाडू करून डब्यात भरले होते, आणि ते वहिनीने केले असं सांगायला वहिनीला बजावलं होतं.

आमच्याकडे तिला करमत नव्हतं, असंही म्हणवत नाही. तिला धूळ पुसायचं काम मिळालं. घुग्घुसमध्ये ते काम संपत नाही, सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पुन्हा काळी. ट्रक गेला की ती फडकं घ्यायची. बाहेर मात्र बसायची नाही. क्वार्टरच्या गच्चीवर वाळवण घालायला गेली तरी आधी जिन्यात उभी राहून आभाळाकडे कान लावायची. मी तिला म्हटलं की इथे कोणी उडवत नाही. ती म्हणाली, तिथी तरी कोण सांगून उडवते?

एका दुपारी तिने तो तुकडा पाहायला मागितला. इतक्या जगाने पाहिला आणि तिने पाहिलाच नव्हता. मी फोन तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून पाहिला, पुन्हा पाहिला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, की आता तरी काहीतरी फुटेल.

"माझा भांग किती रुंद झाला वो," ती म्हणाली. "वरतून कधी पाह्यलाच नोता."

मग तिने मला पुसून टाकायला सांगितलं. मी तिच्यासमोर पुसला. मग ती खिडकी पुसायला उठली.

पोरीला मुलगा झाला. सासू बारशासाठी आली आणि राहिली. आता रोज दुपारी पोरीचा व्हिडिओ कॉल येतो. मला येतो, म्हणजे बोलायचं माझ्याशीच असतं. सासू खोलीतच असते, कधी बाळाला तेल लावत, कधी नुसती बसलेली. पोर मोठ्या आत्याचं नाव घेत नाही. आत्या, तुमच्याकडे सगळे जेवले का, असं विचारते. मी सांगते की सगळे जेवले. मग ती उगाच काहीतरी बोलत फोन बाळाकडे धरून ठेवते, हात दुखेपर्यंत. बाई माझ्या डाव्या अंगाला बसते. कुठे बसलं म्हणजे फोनमध्ये आपण येत नाही, ते तिने पहिल्याच दिवशी माझ्याकडून विचारून घेतलं. ती भिंतीला टेकून, मान तिरपी करून बाळ पाहते. श्वाससुद्धा हळू घेते, आवाज तिकडे जाईल म्हणून.

परवा पोरीने बाळाला फोनच्या इतकं जवळ आणलं की पडदाभर नुसता गालच दिसत होता. तेल लावलेला, चकचकीत. माझ्या शेजारून हात पुढे आला. बाईने बोटांच्या मागच्या बाजूने त्या गालाला शिवलं, झोपलेल्या पोराला शिवतात तसं, आणि तिचा अंगठा खालच्या लाल खुणेवर पडला. फोन कटला.

आम्ही दोघी काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. पोरीचा पुन्हा फोन आला नाही. मी लावला असता तर कसा कटला ते सांगावं लागलं असतं, म्हणून मीही लावला नाही.

"तिकडं माझा हात तर नाई दिसला?" बाईने विचारलं.

कॉल चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आपली एक लहान चौकट असते, तिकडे आपण जसे दिसतो तशी. त्या चौकटीत बाईचा हात आला होता, मनगटापर्यंत, बिनबांगड्यांचा.

"नाई दिसला," मी म्हटलं.